नावाची जागा कोरी

माझ्या माहेरी, पिंपळवंडीला, माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. वडील होते तोवर तिची किल्ली त्यांच्या करदोट्याला असायची. पेटी उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग जुन्या कागदाचा, आणि तळाशी कुठेतरी तंबाखूचाही. आत सातबारे, आठ-अ, पिवळे पडलेले फेरफार, मोजणीचा नकाशा, सोसायटीचे बेबाकी दाखले, पाटपाण्याच्या पावत्या, विघ्नहर कारखान्याच्या शेअरचा कागद, उसाच्या बिलांच्या पट्ट्या. आमच्या घराने जमिनीबद्दल जे जे लिहून घेतलं ते सगळं त्या पेटीत आहे. माणसांबद्दलचं फार थोडं. वडिलांच्या मृत्यूचा दाखला आहे, तोही वारसनोंदीला लागतो म्हणून काढलेला. त्या वारसनोंदीनंतर काही वर्षं माझंही नाव सातबारावर होतं. मग हक्कसोडपत्र झालं, मी सही केली आणि नाव निघालं. आमच्याकडे बहुतेक बहिणी हेच करतात. तक्रार म्हणून नाही, पुढच्या गोष्टीला लागतं म्हणून सांगितलं.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्याला माझ्याकडे राहून शेतीचं शिकली. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिनेच तसं बजावलंय. आणि ज्या पोरीच्या नावाचीच ही गोष्ट आहे तिने असं बजावावं याचं मला हसूही येतं. तिचा जीव टोमॅटोवर. नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या मधल्या आमच्या पट्ट्यात टोमॅटोशिवाय वर्ष जात नाही: बांबू, तार, सुतळी, ठिबक, मल्चिंगचा कागद, आणि तोडा सुरू झाला की पिकअपच्या रांगा. 2023 च्या जुलैत वीस किलोच्या कॅरेटला नारायणगावच्या बाजारात दोन हजारांवर भाव निघाला, तेव्हा तालुका हरखून गेला होता. आणि तोच टोमॅटो एरवी तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही म्हणून बांधावर ओतलेला तिने लहानपणापासून पाहिला होता. हॉलंडमध्ये हेग आणि रॉटरडॅम या शहरांच्या मधे वेस्टलंड नावाचा भाग आहे, तिथे काचेच्या छपराखाली दोरीला टांगलेल्या वेलींवर जवळपास वर्षभर टोमॅटो येतो, हे तिने पुस्तकात वाचलं तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा. तिथल्या एका बागायतदाराकडे सहा महिन्यांची इंटर्नशिप तिने स्वतः पत्रं लिहून मिळवली. काम शिकायचं, थोडा भत्ता मिळणार, राहायची खोली ते बघून देणार.

मग सुरू झाला तो राहण्याच्या परवान्याचा प्रवास.

हॉलंडचा कायदा एका बाबतीत मला आवडला. तिथे असा अर्ज सहसा जाणारा करत नाही, बोलावणारा करतो. ज्याच्याकडे शिकायला जायचं त्यानेच तिथल्या स्थलांतर खात्याकडे, म्हणजे आयएनडीकडे, अर्ज टाकायचा. ही मुलगी माझ्याकडे येतेय, तिचा करार हा, तिचं कॉलेज हे, तिची जबाबदारी माझी. विद्यार्थी, कॉलेज आणि बोलावणारा अशा तिघांच्या सह्यांचा करार लागतो. खात्याने नव्वद दिवसांत निर्णय द्यायचा. होकार आला की मुंबईत पासपोर्ट देऊन त्यात एमव्हीव्ही नावाचं प्रवेशाचं स्टिकर लावून घ्यायचं, आणि तिकडे पोचल्यावर राहण्याचं कार्ड हातात मिळतं. जितके दिवस इंटर्नशिप, तितकेच दिवस परवाना.

भावाला यातलं एकच वाक्य समजलं: परवान्याला कागद लागतात. तो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने पुण्याला आला, पिशवीत सातबारा, आठ-अ, विहिरीच्या फेरफाराची नक्कल आणि पाटपाण्याची चालू वर्षाची पावती घेऊन.

"ताई, एवढं पुरंल का? का कारखान्याचा दाखला पण लावू?"

कुणीही मागितलं नव्हतं. त्या सबंध प्रकरणात हॉलंडच्या सरकारने आमच्या जमिनीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पण भावाचं चूक तरी कसं म्हणू? आयुष्यभर त्याला ज्याने ज्याने 'तू कोण' म्हणून विचारलं, त्या प्रत्येकाला उत्तर सातबाऱ्याने दिलं. बँकेत सातबारा, सोसायटीत सातबारा, मुलीच्या सोयरिकीची बोलणी निघाली तरी समोरचा आडून आडून क्षेत्रच विचारतो. भाचीने ते सगळे कागद नीट घडी घालून फाईलच्या शेवटच्या कप्प्यात ठेवले. "असू देत, आत्या. बाबांना बरं वाटेल." ते कागद तिच्याबरोबर हॉलंडलाही गेले, एवढं मला ठाऊक आहे.

आमच्या गावात माणूस कुणाचा, हे विचारलं की काम भागतं. एसटीतून उतरलेल्या परक्याला पारावरचा म्हातारा दोन प्रश्न विचारतो, कोणाकडे आलात आणि कुठले, आणि दोन्हींना उत्तर मिळालं की पुढची वाट दाखवतो. हॉलंडचा करार तरी वेगळं काय विचारतो? कोणाकडे आलीस, कुठली. फक्त तिसरा प्रश्न त्यांनी जोडलाय: कधी जाणार.

आपल्या जुन्नरच्या वाटेला हे प्रश्न नवे नाहीत. नाणेघाट उतरला की कल्याण, आणि कल्याणहून समुद्र. या वाटेने व्यापारी गेले-आले, सैन्यं गेली. सतराव्या शतकात फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून घाट चढून इकडे आला होता. त्या काळी चौक्या ओलांडायच्या तर राहदारीचं दस्तक जवळ लागे, आणि दस्तकापेक्षाही, बोलावणारा वजनदार लागे. त्याच कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. हिंदुस्थानातला पासपोर्टचा कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1920 साली आला. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई त्यांची वाट बघत होत्या. पत्रांतून जुळलेली ती एक ओळख, तेवढ्यावर अठरा वर्षांची मुलगी समुद्र ओलांडून गेली आणि 1886 मध्ये डॉक्टर झाली. सरकारने हमी मागितली नव्हती तरी हमी घेणारं माणूस होतंच. वेस्टलंडच्या त्या बागायतदाराला आम्ही कधी पाहिलेलं नाही. माझी आई मात्र त्याला 'तो कार्पेंटरबाईंचा भाऊ' म्हणायची, कारण मी तिला आनंदीबाईंची गोष्ट सांगितली होती.

कुणी म्हणेल, गोऱ्यांचे देशच असले कागद मागतात. तसं नाही. आमच्या शेजारी खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, तीस मोठाल्या तबकड्यांची. तिथे कामाला येणारे परदेशी अभ्यासक अधूनमधून नारायणगावात दिसतात. त्यांच्यापैकी कुणाला सहा महिन्यांहून जास्त राहायचं असलं तर आपलं सरकारही चौदा दिवसांत नोंदणी करायला लावतंच. पाहुण्याला कुणीही दारातच ओळख विचारतो. आमच्या शिवारात बिनपरवान्याचा रहिवासी एकच, बिबट्या. कुकडीची धरणं झाली, पाटाला पाणी आलं, ऊस उभा राहिला आणि तो उसात मुक्कामाला आला. आता त्याच्या धाकाने आम्हीच संध्याकाळी लवकर दार लावून घेतो. पण त्याचं दुःख मोठं आहे, कित्येक घरांतली माणसं गेली. त्यावर हलक्या हाताने लिहू नये.

करार झाला, अर्ज गेला. बोलावणाऱ्याकडून यादी आली: पासपोर्टची प्रत, कॉलेजचं पत्र, फोटो, आपण गुन्हा केलेला नाही असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं निवेदन. आणि शेवटी, परवान्यासाठी नव्हे तर तिकडे पोचल्यावर नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव घालायला, जन्मदाखला. अपोस्टिल केलेला.

जन्मदाखला पेटीत नव्हता. भाचीचा पासपोर्ट आधीच निघालेला होता, पण त्याला जन्मदाखला लागला नव्हता. एके काळी 26 जानेवारी 1989 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी तो सक्तीचा होता. 2016 च्या डिसेंबरात नियम सैल झाले, शाळेचा दाखला किंवा आधार चालू लागलं. त्यामुळे शाळा, कॉलेज, आधार, पॅन, पासपोर्ट अशी सगळी दारं पोरगी जन्मदाखल्याशिवाय ओलांडून आली होती, आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

तो पिंपळवंडीत मिळणारही नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिचा जन्म आंबेगाव तालुक्यात, आजोळच्या गावातल्या दवाखान्यात. जन्माची नोंद जन्मल्या गावी होते. माझी भावजय, भाची आणि मी तिकडे गेलो. ग्रामपंचायतीतल्या भाऊसाहेबांनी जुनं रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, आणि नोंद सापडली. तारीख बरोबर. वडिलांचं नाव, आईचं नाव, गाव, सगळं बरोबर. लिंग: स्त्री. बालकाचे नाव: आणि पुढे कोरी जागा.

मला त्या क्षणी काय आठवलं ते सांगते. तिचं बारसं. आजोळच्या ओटीवर पाळणा बांधलेला, झेंडूच्या माळा, परातीत घुगऱ्या, दोन्ही गावच्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. पाळण्याच्या खालून-वरून बाळ या हातातून त्या हातात गेलं, पाळणे म्हणून झाले, आणि नाव ठेवायला आत्याला बोलावलं. आत्या म्हणजे मी. मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. पाठीवर बायकांचे असे धपाटे पडले की संध्याकाळपर्यंत पाठ हुळहुळत होती. कानात सांगितलेलं नाव मग मोठ्याने सांगितलं. ते ओटीने ऐकलं, आळीने ऐकलं, दुसऱ्या दिवशी पिंपळवंडीत विहिरीवर पोचलं. ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांतली कितीतरी माणसं आज नाहीत. नाव होतं, सगळ्यांना माहीत होतं. फक्त रजिस्टरला कुणी सांगितलं नाही.

कारण साधं आहे. दवाखान्यातून घरी सोडताना जन्माचा फॉर्म भरला जातो, कायद्याने एकवीस दिवसांच्या आत कळवायचं असतं, आणि आपलं बारसं बाराव्या दिवशी. फॉर्म भरताना बाळाला नावच नसतं. हे कायद्यालाही ठाऊक आहे. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात नावाशिवाय नोंद करायची आणि मागाहून नाव घालायची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. पहिल्या वर्षात फुकट, मग विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. त्यापुढे राहिलेल्यांसाठी सरकारने मुदत वेळोवेळी वाढवलीही. बारसं झालं की कुणीतरी पुन्हा त्या कचेरीत जायचं, एवढंच काम. ते कुणी करत नाही. बाळंतीण सासरी येते, भुईमूग काढायला येतो, आणि राहून जातं.

भाऊसाहेब म्हणाले, "मावशी, मुलांच्या नोंदीपण अशाच कोऱ्या असतात, फक्त मुलींच्याच नाही." पानं उलटून दाखवली, खरंच होतं. पण मुलाचं नाव पुढे कुठे ना कुठे लागतंच, शेवटी सातबाऱ्यावर तरी. मुलगी लग्न होऊन जाते, नावाचा मधला भाग बदलतो, आडनाव बदलतं, कुठेकुठे पहिलं नावही बदलतं. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना होतं. माझं स्वतःचं लग्नात बदललं. बदलणारच आहे ते लिहायची घाई कुणाला असावी?

परतलो तेव्हा भावाने बांधावर उभं राहून मोबाईलवर ई-पीक पाहणी भरायला घेतली होती. 2021 पासून आमच्याकडे शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच ॲपवर करायची असते, शेतात उभं राहून, फोटोसकट. त्यात बांधावरची झाडंही भरता येतात. भाऊ मोजून भरत होता: चिंचा इतक्या, आंबे इतके, शेवगा एक. आमच्या बांधावरचा शेवगा सरकारदरबारी आहे. मी काही बोलले नाही. भावजयीने मात्र त्याच्या हातातला फोन घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "उद्या पोरीचं करा आधी."

मग पुढचं झालं. शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांची आधार कार्डं, अर्ज, प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रासाठी जुन्नरला गेलो. टंकलेखकाकडे गर्दी होती, बाहेर बसावं लागलं. समोर शिवनेरी, पलीकडे लेण्याद्रीचा कडा. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे काही लेख आहेत, दान देणाऱ्यांचे. त्यांत यवनही आहेत, समुद्रापलीकडून आलेले म्हणून ओळखले जाणारे. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्याने भिक्षूंना जेवायला मंडप. कोण होते, इथे कशाला आले, किती वर्षं राहिले, परत गेले की इथेच मातीत मिळाले, काही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच: नाव, कुणापैकी, आणि काय दिलं. आमच्या डोंगराने परक्याचं नाव दोन हजार वर्षं जपलं, आणि घरच्या मुलीचं आम्ही बारशापासून कचेरीच्या खिडकीपर्यंत नेलं नव्हतं. भाची मात्र लेण्यांकडे बघत नव्हती. ती टंकलेखकाच्या खांद्यावरून वाकून आपल्या नावाचं स्पेलिंग बघत होती, पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना म्हणून. तिचं बरोबर होतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं असतं तर सगळं पहिल्यापासून.

नाव चढलं. नवा दाखला निघाला, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, आणि त्यात कोरी जागा नव्हती. भावजयीने तो हातात घेऊन वाचला आणि आधी आईच्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आहे ना हे पाहिलं. मला ते बघून बरं वाटलं.

अपोस्टिलची गंमत अशी, की तो प्रकारच हेगचा. एका देशाचा कागद दुसऱ्या देशाने फार चौकशी न करता खरा मानावा, म्हणून 1961 साली हेग शहरात देशांनी करार केला. भारत त्यात 2005 साली सामील झाला. आधी राज्य सरकारची खूण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. पोरगी जिथे चालली होती, त्याच्या अगदी शेजारच्या शहरात ठरलेला शिक्का तिच्या आजोळच्या दाखल्यावर बसून आला.

मग फक्त थांबणं उरलं. श्रावण संपत आला, टोमॅटोचा तोडा सुरू झाला. भाची पिंपळवंडीला जाऊन राहिली, बापाबरोबर कॅरेट भरू लागली. आई तिला रोज एकच विचारायची, "येशील ना गं परत?" आणि ती रोज एकच सांगायची, "आजी, तिथं सहा महिन्यांच्या वर ठेवतच नाहीत." कायद्याची ही अट माझ्या आईइतकी मनापासून क्वचितच कुणाला पटली असेल. पण मला त्या उत्तरात एक पळवाट दिसत होती. येईन असं ती म्हणत नव्हती. ठेवत नाहीत असं म्हणत होती. बाविसाव्या वर्षी माणसाने एवढं मोकळं ठेवावंच. तिला राहायचं असेल तर तिने रीतसर दुसरा परवाना मागावा, यायचं असेल तर यावं. आमच्या घरातून बाहेर पडलेल्या बायकांना आजवर कुणी हे विचारलंही नव्हतं: लग्न होऊन गेलो, आणि तो मुक्काम बिनमुदतीचा होता.

होकार नव्वद दिवसांच्या आतच आला. मुंबई, स्टिकर, विमान. तिकडे गेल्यावर क्षयाची तपासणी, नगरपालिकेत नोंदणी, कार्ड. नगरपालिकेच्या बाईने दाखला उलटसुलट पाहिला, शिक्का पाहिला, संगणकात नाव भरलं आणि नीट उच्चार कसा करायचा ते विचारलं, असं भाचीने फोनवर सांगितलं. तिने तीनदा म्हणून दाखवलं म्हणे.

म्हणून तुम्हाला सांगते. घरपट्टी भरायला, नाहीतर सातबारा काढायला जाल तेव्हा घरातल्या लेकरांच्या जन्माची नोंद उघडून बघा, मुलींची आधी. नावाची जागा कोरी असेल तर त्याच दिवशी अर्ज द्या. पंधरा वर्षांच्या आत काम सोपं आहे. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच एक दाखला लागणार आहे, दुसरा चालणार नाही. आणि पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल, तर आपल्या गावात शोधत बसू नका. नोंद आजोळी असते, तिकडे जा.